डोळ्याचं प्रेशर आणि कॉर्नियाची जाडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यातली वार्षिक तपासणी, सिन्नर नाहीतर घोटीचं नेत्रशिबिर, चष्म्याचा नंबर काढायला म्हणून कॉलेज रोडला मारलेली फेरी. यातून हाती आलेला कागद घेऊन माणसं आमच्या तपासणीच्या खोलीत येतात. कागदावर ‘आयओपी’समोर (म्हणजे डोळ्याचं प्रेशर) एक आकडा असतो, कधी त्याखाली ‘सीसीटी’ (म्हणजे कॉर्नियाची मध्यभागची जाडी) म्हणून दुसरा. डोळ्याला काही झालेलं नसतं, पण आकड्यानं झोप उडालेली असते. काहींचं नेमकं उलट असतं: आकडा ‘नॉर्मल’ म्हणून कागद वर्षानुवर्षं कपाटात पडून असतो. मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर आणि डोळे तपासणारी, आहे आणि रोज हेच दोन आकडे मोजते. खालची उत्तरं काचबिंदू (डोळ्याची नस हळूहळू खराब होत नजर जाण्याचा आजार) नसलेल्या, धडधाकट मोठ्या माणसांसाठी आहेत. ज्यांचे काचबिंदूचे थेंब चालू आहेत त्यांनी आपल्या डॉक्टरांचंच ऐकावं, इथलं वाचून थेंब कमी-जास्त करू नयेत.

डोळ्याचं प्रेशर म्हणजे बीपीच का?

नाही. डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ पाणी सारखं तयार होत असतं आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या कोनातून त्याचा सारखा निचरा होत असतो. या येण्याजाण्याच्या मेळातून डोळ्यात जो दाब टिकून राहतो, तो हा. तोही बीपीसारखा मिलिमीटर पाऱ्यात मोजतात म्हणून गोंधळ होतो. बीपीची गोळी वेळेवर घेता म्हणून डोळ्याचं प्रेशर ठीक असेल, असं धरून चालू नका.

निरोगी माणसांत हा आकडा साधारण १० ते २१ असतो. यातला २१ कुठून आला हे कळलं की पुढचं बरंच सोपं होतं. पुष्कळ निरोगी लोकांचं प्रेशर मोजलं तर सरासरी १५-१६ च्या आसपास येते आणि बहुतेक सगळे २१ च्या आत बसतात. म्हणजे २१ ही गणितानं काढलेली मर्यादा आहे. तिच्या अलीकडे काचबिंदू होतच नाही आणि पलीकडे असतोच, असं मुळीच नाही.

प्रेशर डोळ्याच्या आत, मग कॉर्नियाचा संबंध काय?

कारण आम्ही आत जात नाही. आतला खरा दाब बघायचा तर डोळ्यात सुई घालावी लागेल. त्याऐवजी आम्ही डोळ्याचा सगळ्यात पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, बाहेरून किंचित दाबतो आणि तो किती जोर लावल्यावर सपाट होतो ते पाहतो. सायकलच्या चाकात हवा आहे का हे आपण अंगठ्यानं दाबून बघतो, तसंच. टायर जाड असेल तर आत हवा बेताची असूनही चाक टणक लागतं. पातळ टायर पुरेशी हवा असूनही दबतो.

डोळ्याचंही असंच. जाड कॉर्निया सपाट करायला जास्त जोर लागतो आणि यंत्र तो जोर प्रेशरच्या खात्यात टाकतं, म्हणून रीडिंग खऱ्यापेक्षा जास्त येतं. कॉर्निया पातळ असला की खऱ्यापेक्षा कमी येतं.

निळा दिवा जवळ आणतात तेव्हा नेमकं काय बघतात?

हा प्रश्न फार थोडे विचारतात, पण ज्यानं विचारला त्याची भीती हमखास कमी होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी डोळा बधिर करणारा थेंब घालतात. मग केशरी-पिवळ्या रंगाचा थेंब, किंवा तोच रंग लावलेली कागदी पट्टी पापणीच्या आत टेकवतात. तुम्ही हनुवटी टेकवून बसता, समोर निळा उजेड येतो आणि एक छोटं पारदर्शक टोक हळूच कॉर्नियाला टेकतं. दुखत नाही, पापण्यांना फार तर गुदगुल्या झाल्यासारखं वाटतं. मला पलीकडून दोन चमकती हिरवी अर्धवर्तुळं दिसतात, एक वर आणि एक खाली. मी बाजूची चकती फिरवत जाते तशी ती एकमेकांकडे सरकतात. दोन्हींच्या आतल्या कडा एकमेकींना जेमतेम टेकल्या की थांबायचं आणि चकतीवरचा आकडा वाचायचा. त्याला १० नं गुणलं की प्रेशर. चकतीवर १.६ असेल तर प्रेशर १६. नीट पाहिलं तर ती अर्धवर्तुळं तुमच्या नाडीच्या ठोक्याबरोबर हलकेच हलतात, कारण प्रत्येक ठोक्याला डोळ्यातलं प्रेशरही थोडं वरखाली होतं.

हे यंत्र म्हणजे गोल्डमन टोनोमीटर. स्वित्झर्लंडमधले नेत्रतज्ज्ञ हान्स गोल्डमन यांनी ते १९५० च्या दशकात घडवलं आणि आजही बाकीची यंत्रं यालाच पडताळून पाहतात. यात कॉर्नियाचा ३.०६ मिलिमीटर व्यासाचा भाग सपाट केला जातो. हा व्यास मुद्दाम निवडला आहे. कॉर्निया आपल्या ताठपणानं यंत्राच्या टोकाला मागे ढकलतो आणि डोळ्यावरच्या अश्रूंचा थर त्याच टोकाला आत ओढून घेतो. या व्यासाला ही ढकलाढकली आणि ओढाओढ जवळपास फिटते, उरतो तो आतला दाब. पण हे सगळं कॉर्निया मध्यम जाडीचा असेल तर. जाडी फार वेगळी असली तर हिशेब चुकेल, हे गोल्डमन यांनी स्वतःच ध्यानात घेतलं होतं. मात्र माणसामाणसांत जाडी इतकी वेगळी असते हे पुढे, जाडी मोजायची सोपी यंत्रं आल्यावरच सगळ्यांच्या लक्षात आलं.

रंग जास्त झाला तर अर्धवर्तुळं जाड दिसतात आणि प्रेशर जास्त वाचलं जातं, रंग अपुरा पडला तर उलट. म्हणून कधीकधी आम्ही डोळा टिपून पुन्हा मोजतो. त्याचा अर्थ काही बिघडलंय असा नसतो.

कॉर्निया किती जाड असावा?

‘असावा’ असं काही नाही, उंचीसारखं आहे ते. जगभरच्या अभ्यासांत निरोगी डोळ्यांची सरासरी मध्यभागी ५३५ ते ५४५ मायक्रॉनच्या आसपास येते, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरला थोडी जास्त. आपल्याकडची सरासरी यापेक्षा कमी आहे. नागपूरजवळच्या खेड्यांतल्या मोठ्या माणसांवर झालेल्या सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडीत ती ५१४ मायक्रॉन भरली. त्यामुळे परदेशी संकेतस्थळावर ‘सरासरी ५४५’ वाचून आपला ५१० चा कॉर्निया ‘पातळ’ ठरवू नका, महाराष्ट्रात तो अगदी सर्वसाधारण आहे.

जाडी मध्यभागीच मोजायची असते, कारण कडेकडेला कॉर्निया जाड होत जातो. मोजायला अल्ट्रासाऊंडची पेनासारखी टोकदार कांडी किंवा डोळ्याला न टेकणारी कॅमेऱ्याची यंत्रं वापरतात. दोन वेगळ्या यंत्रांच्या आकड्यांत थोडा फरक पडतोच.

जाडीमुळे प्रेशरच्या आकड्यात किती फरक पडतो?

इथे नेटवर फार गोंधळ आहे. १९७५ साली डेन्मार्कच्या नील्स एलर्स आणि सहकाऱ्यांनी ऑपरेशनच्या वेळी डोळ्यातला खरा दाब थेट मोजून तो गोल्डमनच्या आकड्याशी ताडून पाहिला. साधारण ५२० मायक्रॉन जाडीला गोल्डमनचं रीडिंग खऱ्याशी जुळतं असं त्यांना आढळलं, आणि त्यापासून दर १०० मायक्रॉनला जवळपास ७ मिलिमीटरचा फरक निघाला. पुढे १९९० च्या दशकात अशाच थेट मोजणीत हा फरक १०० मायक्रॉनला फक्त २ च्या आसपास आला. २००० साली डाउटी आणि झमान यांनी तोवरचे पुष्कळ अभ्यास एकत्र करून पाहिले. निरोगी डोळ्यांत जाडी १० टक्क्यांनी बदलली तर रीडिंग जेमतेम १ मिलिमीटरनं बदलतं असं त्यातून दिसलं. आजारी डोळे धरले की हाच फरक बराच वाढत होता.

धडधाकट माणसापुरतं सांगायचं तर जाडीचा परिणाम नक्की होतो, पण तो लोक समजतात तेवढा मोठा नसतो. ५०० आणि ५४० मायक्रॉनच्या दोन निरोगी माणसांमध्ये जाडीमुळे पडणारा फरक एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा. इतका फरक सकाळ-संध्याकाळमध्येही पडतो.

मग नेटवरचं ‘करेक्टेड प्रेशर’चं कॅल्क्युलेटर वापरू का?

नको. वर पाहिलंत ना, कुणाच्या हिशेबानं १०० मायक्रॉनला २, कुणाच्या हिशेबानं ७. एका सूत्रानं तुमचं १९ चं २३ होईल, दुसऱ्यानं २०. ही सूत्रं शेकडो माणसांच्या सरासरीतून निघालेली आहेत, एका माणसाच्या एका डोळ्याला ती चपखल बसतीलच असं नाही. जाडी सारखी असूनही एकाचा कॉर्निया ताठ असतो, दुसऱ्याचा लवचीक, आणि कॅल्क्युलेटरला ते कळत नाही. चांगले डॉक्टर जाडीचा आकडा ‘पातळ, मध्यम, जाड’ एवढ्यापुरता पाहतात आणि त्या नजरेनं प्रेशर वाचतात. मला हेच पटतं. दशांश चिन्हापर्यंत ‘दुरुस्त’ केलेल्या आकड्यानं नसता विश्वास वाटायला लागतो.

माझं प्रेशर २३ आणि जाडी ५९०. काचबिंदू आहे का?

नुसत्या या दोन आकड्यांवरून कुणीच ‘आहे’ म्हणू नये. जाड कॉर्नियामुळे आकडा फुगलेला असण्याची शक्यता चांगलीच आहे. तरीही डोळ्याची नस, म्हणजे मागून मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस, एकदा नीट तपासून घ्या. पाण्याच्या निचऱ्याचा कोन पाहून घ्या, गरज वाटली तर फील्ड टेस्ट (नजरेचा घेर मोजणारी) आणि ओसीटी (नसेच्या थरांचं स्कॅन). सगळं व्यवस्थित निघालं तर बहुतेक वेळा थेंब लागत नाहीत, ठरलेल्या मुदतीनं दाखवत राहायचं.

अमेरिकेत प्रेशर जास्त पण काचबिंदू नसलेल्या १६०० हून अधिक लोकांवर एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. ज्यांचा कॉर्निया ५५५ मायक्रॉन किंवा त्याहून पातळ होता, त्यांना पुढे काचबिंदू होण्याचा धोका ५८८ च्या वर जाडी असलेल्यांच्या तिप्पट निघाला. तेव्हापासून प्रेशर जास्त आलं की जाडी मोजणं हा तपासणीचा भागच झाला.

प्रेशर १४, जाडी ४७०. सगळं ठीक ना?

बहुधा ठीक. पण ‘१४ म्हणजे प्रश्नच मिटला’ असं मी म्हणणार नाही. या प्रकारच्या माणसांची मला जास्त काळजी वाटते, कारण त्यांना कुणी पुन्हा बोलावत नाही. पातळ कॉर्नियामागे खरा दाब थोडा जास्त असू शकतो. शिवाय काचबिंदू होणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं मोजलेलं प्रेशर २१ च्या आतच असतं. आपल्या देशातल्या पाहण्यांमध्ये काचबिंदू निघालेल्या बहुतेकांना तोवर त्याचा पत्ताच नव्हता. दुखत नाही, लाल होत नाही आणि नजर कडेनं कमी होत जाते. म्हणून वय चाळिशीपुढे असेल, किंवा आई-वडील, भाऊ-बहीण यांच्यापैकी कुणाला काचबिंदू असेल, तर नस दाखवून घ्या. बाहुली मोठी करून पाहायला अर्धा-पाऊण तास जातो आणि नंतर काही तास जवळचं धूसर दिसतं. त्या दिवशी मोटरसायकलवर येऊ नका.

कॉर्नियाच्या गोलाईचा काही परिणाम?

थोडासा. जास्त बहिर्वक्र, म्हणजे उभार जास्त असलेल्या कॉर्नियावर रीडिंग किंचित जास्त येतं, साधारण ३ डायॉप्टरला (हे वक्रता मोजायचं एकक) १ मिलिमीटर. बहुतेकांची वक्रता ४२ ते ४५ डायॉप्टरच्या दरम्यान असल्यामुळे याची फार चिंता नाही.

चष्म्यात सिलिंडरचा नंबर मोठा आहे. प्रेशर चुकीचं येईल?

३ च्या पुढे सिलिंडर असेल तर सपाट होणारा भाग गोल न राहता लंबगोल होतो आणि आकडा चुकू शकतो. त्यावर सोपा उपाय आहे: टोक फिरवून दोन दिशांनी मोजायचं आणि सरासरी घ्यायची. सिलिंडर जास्त असेल तर तपासणाऱ्याला आधी सांगा.

शिबिरात हवेच्या यंत्रावर १९ आलं, डॉक्टरांकडे १५. कोण चुकलं?

दोघंही नाही. हवेचा झोत काही हजारांश सेकंदांत कॉर्निया सपाट करतो. त्या क्षणी नाडीचा ठोका कुठे होता, तुम्ही दचकून डोळा आवळलात का, श्वास रोखलात का, यावर आकडा हलतो. म्हणून किमान तीन रीडिंग घेऊन सरासरी काढतात. शिवाय या यंत्रावर जाडीचा परिणाम गोल्डमनपेक्षा जास्त होतो. जाड कॉर्नियाच्या माणसाला हवेच्या यंत्रावर जास्त आणि गोल्डमनवर कमी येणं हे नेहमीचंच आहे.

हातात धरायचं एक छोटं यंत्रही आता बऱ्याच ठिकाणी असतं. त्याची बारीक सळई कॉर्नियाला क्षणभर टेकून परत येते आणि त्या परतीच्या वेगावरून प्रेशर काढतात. थेंब लागत नाही, म्हणून वयस्कर माणसांना आणि मुलांना सोयीचं. त्यावरही जाडीचा परिणाम होतोच.

शिबिरांना मी नावं ठेवणार नाही. निफाड-दिंडोरीकडून एरवी डोळे दाखवायला शहरात न येणारी माणसं शिबिराला येतात. फक्त तिथला आकडा चाळणी म्हणून घ्या. जास्त आला तर घाबरून थेंब सुरू करू नका, कमी आला तर निश्चिंत होऊ नका. मोजणी पुन्हा करायला जिल्हा रुग्णालयाचा नेत्रविभाग आहे, तुमचे नेहमीचे डॉक्टर आहेत.

कॉर्नियाचा ‘कडकपणा’ मोजतात म्हणे?

हो, काही मोठ्या केंद्रांत. हवेच्या झोतानं कॉर्निया आत दबताना एकदा सपाट होतो आणि परत उसळताना पुन्हा एकदा. या दोन क्षणांच्या दाबांमध्ये जो फरक राहतो त्याला हिस्टेरेसिस म्हणतात. धक्का किती जिरवला याचं ते माप. निरोगी डोळ्यांत तो १० ते ११ च्या आसपास असतो. तो कमी असलेल्यांत काचबिंदू वेगानं वाढतो असं अभ्यासांत दिसलं आहे. जाडी हे कॉर्नियाचं एक अंग झालं, हा त्याच्या घडणीचा गुण. पण काहीच तक्रार नसलेल्या माणसानं मुद्दाम ही तपासणी करून घ्यायची गरज नाही.

लेसिक केल्यावर प्रेशर कमी झालं. चांगलंच ना?

हे नीट वाचा, कारण इथे खरोखर नुकसान होऊ शकतं. लेसिकमध्ये, म्हणजे चष्मा घालवण्याच्या लेसर ऑपरेशनमध्ये, दर १ नंबरमागे साधारण १२ ते १५ मायक्रॉन कॉर्निया लेसरनं काढला जातो. -६ च्या नंबरला ८० मायक्रॉनच्या आसपास. कॉर्निया पातळ, जास्त सपाट आणि मऊ झाला, म्हणून रीडिंग खाली आलं. आतलं प्रेशर होतं तेवढंच आहे. पंधरा वर्षांनी कुणी १३ पाहून ‘छान’ म्हणेल, पण मूळ आकडा १७ चा होता हे त्याला ठाऊक नसेल.

म्हणून ऑपरेशनआधीचं प्रेशर, जाडी आणि वक्रता असलेला कागद जपून ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, आणि पुढे कुठेही डोळे दाखवताना ‘लेसिक झालंय’ हे न विचारता सांगा. चष्मा गेल्यावर लोक हे विसरतात.

सुजेमुळे कॉर्निया जाड झाला असेल तरी रीडिंग जास्तच येतं?

उलट कमी येऊ शकतं. जन्मजात जाड कॉर्निया ताठ असतो, पण पाणी धरून सुजलेला कॉर्निया जाड असूनही लिबलिबीत होतो. नुसता जाडीचा आकडा पाहून सूत्र लावणारा इथे हमखास फसतो. थोडीशी सूज तर निरोगी डोळ्यालाही रोज येते: रात्रभर पापण्या मिटलेल्या असतात, म्हणून उठल्या उठल्या कॉर्निया ३-४ टक्के जाड असतो आणि तास-दोन तासांत उतरतो. कॉन्टॅक्ट लेन्स घालून झोपणाऱ्यांत जास्त सूज येते. लेन्स वापरत असाल तर तपासणीआधी किती वेळ काढून ठेवायच्या ते विचारून घ्या.

वय, मधुमेह, घराणं यांचा जाडीशी संबंध?

जाडी मोठ्या प्रमाणात आनुवंशिक असते, जुळ्यांच्या अभ्यासांत हे ठळक दिसलं आहे. मधुमेहात कॉर्निया किंचित जाड आणि ताठ असू शकतो. वयाचा परिणाम थोडा. चष्म्याच्या मायनस नंबरवरून जाडीचा अंदाज बांधता येत नाही.

सकाळी मोजावं की संध्याकाळी?

निरोगी माणसाचं प्रेशरही दिवसभरात ३ ते ६ मिलिमीटरनं वरखाली होतं, बहुतेकांचं पहाटे-सकाळी जास्त असतं. आडवं झाल्यावर वाढतं. थंडीत सरासरी किंचित जास्त भरते, आणि आपल्याकडे निफाडची थंडी आहेच. एकदम लिटरभर पाणी पिऊन आलात, गळ्याशी शर्टाचं बटण घट्ट असेल, यंत्राकडे मान ताणून श्वास रोखलात, तर आकडा वाढतो. शीर्षासनात तो जवळपास दुप्पट होतो आणि खाली आल्यावर लगेच उतरतो. निरोगी माणसाला त्याचा बाऊ नको, पण घरात काचबिंदू असेल तर शीर्षासनाआधी डॉक्टरांना विचारा. तुलना करायची असेल तर दरवेळी एकाच सुमाराला, एकाच प्रकारच्या यंत्रावर मोजून घ्या. कागदावर वेळ लिहिलेली नसेल तर लिहायला सांगा.

बागेत फवारणी-धुळीनं डोळे खाजतात, मेडिकलमधून आणलेले थेंब घालतो. त्याचा काही संबंध?

आहे, आणि मोठा आहे. त्या थेंबांत स्टिरॉइड असेल तर काही जणांचं प्रेशर खरोखर वाढतं, ते कॉर्नियाच्या जाडीमुळे दिसणारं खोटं वाढलेपण नसतं. बाटली सोबत घेऊन या. आणि डोळे चोळू नका. सतत चोळण्याचा संबंध कॉर्निया पातळ होऊन पुढे शंकूसारखा येण्याच्या आजाराशी आहे, आणि अशा डोळ्यात प्रेशरही खऱ्यापेक्षा कमी वाचलं जातं.

जाडी दरवर्षी मोजायची का?

नाही. प्रेशर दरवेळी मोजायचं असतं, जाडी निरोगी मोठ्या माणसाची एकदा नीट मोजली की पुष्कळ वर्षं पुरते. लेसिक, मोतीबिंदूचं किंवा दुसरं काही ऑपरेशन, कॉर्नियाचा आजार किंवा मोठी जखम झाली तरच पुन्हा. आकडा लिहून घेताना तारीख, डोळा उजवा की डावा आणि कुठल्या यंत्रावर मोजली, हेही लिहून घ्या.